एकाकी प्याद्याचा दंड

या पत्रव्यवहारातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने बलवान ठरतो तो आपल्या खेळीचे कारण त्याला दाखवता येते तेव्हा; केवळ तो जिंकतो म्हणून नव्हे. माझी पुतणी सुप्रीता हिचे मत याच्या नेमके उलट आहे.

आम्ही दोघांनी मिळून 'वादी' नावाचा असा एक प्रोग्रॅम काही वर्षे घडवत आणला आहे. पुढच्या खेळ्या खोदत जाण्याचा भाग तिचा. समोर आलेली स्थिती चांगली की वाईट, हे ठरवणारे नियम माझे. मी निवृत्त होईपर्यंत तर्कशास्त्र शिकवत होतो आणि आता आनेकलला राहतो. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते आणि सर्जापूर रोडला राहते. वाद फोनवर घालायचा नाही, हा आमचा करार आहे, कारण फोनवर माणूस वाक्य मध्येच बदलतो आणि नंतर ते बदललेच नाही असे म्हणतो.

पत्रे क्रमाने देत आहे. तिच्या पत्रांतला एकही शब्द गाळलेला नाही. माझ्याही नाही, जरी एका पत्राबाबत तो मोह झाला होता.

*

सर्जापूर रोड, ५ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

करार म्हणून टपालानं लिहितेय. तक्रार नाही, इथून मी गाडीनं आनेकलला निघाले तर कदाचित पत्रच आधी पोचेल.

सरळ मुद्द्यावर येते. मार्चमध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीत बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमांचे सामने आहेत. माणसं फक्त बघणार, खेळणार यंत्रं. वादी उतरवायचा असं आपलं ठरलंच आहे. पण मी गेले तीन महिने गुपचूप त्याची दुसरी आवृत्ती बनवत होते. तिच्यात तुमचे नियम नाहीत. त्यांच्या जागी न्यूरल नेटवर्क आहे. त्याला मी लाखो डावांतल्या स्थिती दाखवल्या, त्या डावांचे निकाल दाखवले, आणि ते आपोआप शिकलं. आता कुठलीही स्थिती समोर ठेवा, ते एक आकडा देतं: इतकं चांगलं, इतकं वाईट. दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी खेळवल्या. दर दहा गुणांतले सात ते नेतं.

अण्णा, मला माहीत आहे तुम्हाला हे आवडणार नाही. पण सगळं जग तिकडे गेलंय. आपण का मागे राहायचं? तुमचं नाव जाणार नाही. 'मूळ नियमांचे कर्ते' असं पहिल्याच पानावर राहील.

मंजुनाथ म्हणून माझ्या ऑफिसात एक आहे, त्याचाही प्रोग्रॅम उतरतोय, तोही नेटवर्कचाच. परवा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "काय मॅडम, तुमचे अण्णा अजून प्याद्यांना नीतिशास्त्र शिकवतात का?" मी हसले. मग घरी आल्यावर हसल्याचं वाईट वाटलं. ते तुम्हाला सांगायलाच हवं होतं असं नाही, पण सांगितलं.

तुमची,
सुप्रीता

*

आनेकल, ११ जानेवारी २०२५

चि. सुप्रीतास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एक प्रतिज्ञा आहे, एक हेतू आहे आणि एक हार आहे. हारापासून सुरुवात करतो. 'मूळ नियमांचे कर्ते' हे शब्द तसबिरीखाली लिहितात. मी अजून भिंतीवर नाही.

आता प्रतिज्ञा, म्हणजे जे सिद्ध करायचे ते: जाळे माझ्या नियमांपेक्षा बलवान आहे. (तू त्याला नेटवर्क म्हण. मी जाळे म्हणेन, कारण त्यात काय अडकले आहे हे तुलाही दिसत नाही.) हेतू, म्हणजे त्यासाठी दिलेले कारण: ते सात गुण नेते. हा हेतू मला मान्य नाही. धूर दिसला की अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असे कोणी म्हणाले तर आपण त्याला ओल्या लाकडाची आठवण करून देतो. मध्ये आणखी एक कारण लपलेले असते. तुझ्या प्रयोगातले ओले लाकूड मला दिसते आहे. डिसेंबरात तू इथे जेवायला आलीस तेव्हा मेथीची भाजी वाढून घेता घेता म्हणाली होतीस, "अण्णा, खेळ्या शोधण्याचा वेग दीडपट केला मी." तो वेग तू कोणत्या आवृत्तीला दिलास? दोघींना दिला असतास तर तसे पत्रात अभिमानाने लिहिले असतेस. दिला असशील तो फक्त जाळ्याला. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, आणि यश त्यांतल्या एकीच्या नावावर मांडले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यासाठी मी पुन्हा लिहायला लावत असे.

दुसरा आक्षेप. तू त्यांना एकमेकींशीच खेळवलेस. भावंडे एकमेकांच्या खोड्या ओळखून जिंकतात. तेवढ्यावरून त्यांना मल्ल म्हणता येत नाही. बाहेरच्यांशी खेळव.

तिसरे, आणि हे नीट वाच. जे चालू आहे ते बदला, असे जो म्हणतो, पुरावा देण्याचे ओझे त्याच्यावर असते. मी शहात्तर वर्षांचा आहे. सकाळी उठून तुम्ही काय करता, असे कोणी विचारले तर माझ्याकडे एकच उत्तर आहे: वादीचे डाव तपासतो आणि नियम सुधारतो. ते उत्तर माझ्याकडून काढून घेण्याचा हक्क तुला सिद्ध करावा लागेल. सिद्ध केलास तर मी बाजूला होईन. दयेने बाजूला होणार नाही, आणि दयेने आत राहणारही नाही.

मंजुनाथास सांग: प्याद्यांना नीतिशास्त्र नको असते, कारण ती मागे फिरत नाहीत. ते वजिरांना लागते.

विश्वेश्वर

*

सर्जापूर रोड, २ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

सरी, अण्णा, मान्य. हरले मी, पण अर्धीच.

वेग फक्त जाळ्याला दिला होता. लपवला नव्हता, मला ते महत्त्वाचंच वाटलं नव्हतं, आणि हे मी जास्त वाईट समजते. आता दोन्ही आवृत्त्यांना एकच शोध दिला, एकच वेळ दिली, आणि सगळं पुन्हा खेळवलं. जाळ्याचे सातावरून सहा झाले. बरोबरी पाचाला, म्हणजे जो फायदा मी जाळ्याच्या नावावर लावला होता, त्यातला निम्मा वेगाचा होता. तुम्ही स्वयंपाकघरात बसून हे ओळखलंत, याचा मला राग आला. खरंच आला.

बाहेरच्या तीन प्रोग्रॅमांशीही खेळवलं. दोघांविरुद्ध जाळं पुढे, एकाविरुद्ध तुमचे नियम पुढे.

पण निम्मा फायदा उरला ना? त्याचं काय? तुम्ही म्हणाल, कारण सांग. मला सांगता येत नाही. जाळ्याच्या आत नुसते आकडे आहेत, एकाही आकड्याला नाव नाही. पण कारण सांगता आलं नाही म्हणजे कळत नाही, असं कुठं आहे? अज्जी भाकरीचं पीठ हातात घेऊन म्हणायची, "स्वल्प पाणी कमी आहे." तिला कारण विचारलं असतं तर तिनं लाटणं दाखवलं असतं. म्हणून तिला पीठ कळत नव्हतं का? तुमचीच आई ती. द्या उत्तर.

मंजुनाथचं एकच पालुपद: "कारणाचं काय लोणचं घालायचंय? स्कोअर बघा." आणि मला भीती ही वाटते की तो बरोबर असेल. गेली दोन वर्षं त्याचा प्रोग्रॅम आपल्याला हरवतोय. मला एकदा, फक्त एकदा, त्या कँटीनमध्ये मान वर करून चहा प्यायचाय.

नोंदणी वीस तारखेपर्यंत. एकच आवृत्ती उतरवता येते.

सुप्रीता

*

आनेकल, ८ फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रीतास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या आईला तू साक्षीदार म्हणून बोलावलेस, तर उलटतपासणी मी करणार. तिची भाकरी कधी कधी फाटत असे. आपण सगळे गप्प बसून खात असू. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणायची, "काल ज्वारी जुनी होती, आधण कमी पडलं." लाटणे ती मुलांना दाखवत असे, स्वतःला ती कारणच देत असे. म्हणून तिची तिसरी भाकरी दुसरीपेक्षा चांगली व्हायची. तुझे जाळे चुकले की दुसऱ्या दिवशी तुला काय सांगते?

बळ म्हणजे काय, हे आधी ठरव. आजचा डाव जिंकणे हे बळाचे लक्षण आहे, बळ नव्हे. ताप हे आजाराचे लक्षण असते तसे. ज्याला आपली चूक कोणत्या ठिकाणी झाली हे दाखवता येते, तोच पुढचा डाव वेगळा खेळतो. जो दाखवू शकत नाही, त्याला फक्त आणखी डाव खाऊ घालावे लागतात आणि वाट पाहावी लागते. तुझा मंजुनाथ नेमके हेच करतो, आणि त्याला तो प्रगती म्हणतो.

उरलेला निम्मा फायदा मी नाकारत नाही. तो कशाचा, हे तुला माहीत नाही. म्हणून तो तुझाही पुरावा नाही.

माझा निर्णय असा. नियम उतरवणार असशील तर दोघांची नावे राहू देत. जाळे उतरवणार असशील तर फक्त तुझे. जे मला समजत नाही त्याखाली मी सही करत नाही. बँकेत करत नाही, तिथेही करणार नाही. मंजुनाथपुढे मान वर करायची असेल तर ती संधी कोणी तुझ्या हातून काढून घेतलेली नाही. चहा पी.

विश्वेश्वर

*

सर्जापूर रोड, २० फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,

नोंदणी केली. दोघांची नावं आहेत. यापुढे काही विचारू नका, मी उत्तर देणार नाही.

सामने २२ आणि २३ मार्चला. तुम्ही येऊ नका असं म्हणत नाही, पण ऊन असेल, आणि आलात तर मंजुनाथशी भांडाल. तो भांडत नाही, नुसता हसतो, त्याचा तुम्हाला जास्त त्रास होईल. सगळे डाव छापून पाठवते.

सुप्रीता

*

आनेकल, २८ मार्च २०२५

चि. सुप्रीतास,

डाव मिळाले. वादी मधल्या फळीत आला, हे कळले. मंजुनाथच्या प्रोग्रॅमविरुद्धचा डाव मी पटावर मांडून खेळलो. मध्यावर थांबलो आणि मोठ्याने ओरडलो. स्वयंपाकाला येणाऱ्या तानूबाई धावत आल्या. "कुणावर ओरडताय? घरात कुणी नाही." मी म्हणालो, "घोड्यावर." त्या म्हणाल्या, "मग ओरडा," आणि परत गेल्या.

तो घोडा तुला आठवत असेल. वादीने घोड्याने घोडा घ्यायचा होता. समोरच्याने उलट घेतले असते, आणि त्या देवघेवीत आपल्याला एक प्यादे सरळ फुकट मिळत होते. मोबदल्यात आपले मधले एक प्यादे एकटे पडले असते. शेजारच्या दोन्ही पट्ट्यांवर त्याला सोबती उरला नसता. हा तोटा खरा, पण लहान. एक पूर्ण प्यादे हातात घेऊन तेवढा तोटा कोणीही सोसतो. वादीने काय केले? घोडा उचलला आणि मागे, पटाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. तिथून तो डाव संपेपर्यंत कोणाच्या कामाला आला नाही. आपण हरलो.

अनुमान असे. ज्याला कारणे कळतात तो ही खेळी करणार नाही. ही खेळी झाली. म्हणून करणाऱ्याला कारणे कळत नव्हती. म्हणून करणारे जाळे होते. फेब्रुवारीत 'काही विचारू नका' असे तू का लिहिलेस, हेही आता उघड आहे. दोघांची नावे ठेवून तू जाळे उतरवलेस.

माझे नाव काढ. लेखी काढ. 'मूळ नियमांचे कर्ते' हेही नको. आणि येत्या रविवारी जेवायला येऊ नकोस. मला काम आहे. ते कसले, हे विचारण्याचा अधिकार तुला उरलेला नाही.

विश्वेश्वर

*

सर्जापूर रोड, ३ एप्रिल २०२५

अण्णा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं, कारण कात्री जवळ होती.

उतरवली ती आवृत्ती नियमांची होती. तुमची. एकही नियम न गाळता.

आता तुम्ही 'दया' म्हणाल. म्हणू नका, नाहीतर मी खरंच येणार नाही. जाळं उतरवलं असतं तर मंजुनाथला कदाचित हरवलं असतं. नोंदणीच्या आदल्या दिवशी मी दोन्ही फायली समोर ठेवून बसले होते. पण उरलेला फायदा कशाचा ते मला सांगता येईना, आणि पुरावा बदल मागणाऱ्यानं द्यायचा असतो. हे तुम्हीच लिहिलंत ना? मला देता आला नाही, म्हणून जे चालू होतं ते चालू ठेवलं. एवढंच. आधी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या हेतूवर चार पानं लिहिली असती, म्हणून गप्प राहिले.

आता तुमचा घोडा. तुमच्या आवृत्तीत एक सोय आहे जी जाळ्यात नाही: कुठल्या नियमानं किती गुण दिले किंवा कापले, ते छापून घेता येतं. त्या खेळीचा हिशेब मी छापला. तुम्ही सांगितलेली देवघेव केली असती तर एक प्यादं मिळतं: अधिक एक. मधलं प्यादं एकटं पडतं: 'एकाकी प्यादे', वजा अर्धं. इथपर्यंत ठीक, अजून आपण फायद्यात. पण खाली आणखी एक ओळ आहे. 'निराधार प्यादे', म्हणजे ज्याला दुसरं कुठलंच प्यादं आधार देऊ शकत नाही ते: वजा अर्धं. त्याच प्याद्याला. मिळालेलं सगळं तिथं गेलं, आणि घोडा कोपऱ्यात.

अण्णा, जे प्यादं एकाकी आहे ते निराधार असणारच. शेजारी कोणी नाही तर आधार कोण देणार? एक नियम तुम्ही पहिल्या वर्षी लिहिलात, दुसरा तिसऱ्या वर्षी, आणि दोन्ही एकाच प्याद्याला पकडून मारतायत. बाबा सांगतात की वर्गात कोणी तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत मांडलं की तुम्ही त्याला तासभर उभं करायचात.

हे सापडायला मला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. आणि हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण सांगते: सामन्यांच्या दुसऱ्या दिवशी मंजुनाथच्या प्रोग्रॅमनं जिंकत आलेल्या डावात हत्ती फुकट दिला. मी विचारलं, "का केलं रे त्यानं असं?" "गोत्तिल्ला," म्हणाला. माहीत नाही. "अजून आठवडाभर डाव खाऊ घालतो, बघू." अगदी तुमचेच शब्द. मला त्याची कीव आली आणि तुमचा राग आला, दोन्ही एकदम.

निराधारचा नियम मी काढलेला नाही. फक्त तपासापुरता बंद करून दोन्ही आवृत्त्या पुन्हा खेळवल्या. जाळं अजून पुढे आहे. स्वल्पच, पण आहे. नियम तुमचा, काढायचा तर तुमच्या हातानं काढा.

आणि मी न केलेल्या एका गुन्ह्याला तुम्ही दोन दंड केलेत: नावही काढायला लावलंत आणि जेवणही बंद. सवय दिसतेय.

सुप्रीता

*

आनेकल, ९ एप्रिल २०२५

चि. सुप्रीतास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी चार दिवस उत्तर शोधले. सापडले नाही, म्हणून सरळ लिहितो.

माझ्या अनुमानाचे पहिलेच वाक्य खोटे होते. 'ज्याला कारणे कळतात तो ही खेळी करणार नाही.' करतो. चुकीच्या कारणाने करतो. कारण नसणे आणि कारण चुकीचे असणे, या दोन अवस्थांत मी फरक केला नाही. आणि जे मला अविचारी वाटले ते माझे असूच शकत नाही, असे गृहीत धरून ते तुझ्या दारात नेऊन टाकले. 'जिथे एकाकीपण तिथे निराधारपण' ही व्याप्ती, म्हणजे कधी न चुकणारी सोबत, फळ्यावर लिहिली असती तर पहिल्या बाकावरच्या मुलानेही मान डोलवली असती. मला ती इतकी वर्षे दिसली नाही, कारण दोन्ही वाक्ये माझीच होती आणि मला दोन्ही आवडत होती.

'निराधार प्यादे' आज मी माझ्या हाताने खोडले. उरलेले सगळे नियम मी आता जोडीजोडीने तपासणार आहे. आणखी पुनरुक्ती निघाली तर ती शोधण्याचा मान माझा. तू आधी शोधलीस तर सांगू नकोस, नुसती खोक.

पण मी माघार घेत नाही. तू स्वतः काय लिहिलेस ते पुन्हा वाच. माझ्या यंत्राने मूर्खपणा केला, आणि तुला चहा थंड होण्याच्या आत त्या मूर्खपणाचे नाव, जागा आणि माप सापडले. मंजुनाथच्या यंत्राने हत्ती दिला, आणि त्याच्या हातात एक शब्द आला: गोत्तिल्ला. मी म्हणालो होतो की बळ म्हणजे आपली चूक दाखवता येणे. ती चूक माझी निघाली, याने सिद्धान्ताला तडा जात नाही, उदाहरण मिळते. जाळे अजून स्वल्प पुढे आहे, हे मी वाचले. राहू दे. ते टाकू नकोस, सुधारत राहा. मला प्रतिपक्ष हवा. त्याच्याशिवाय वाद म्हणजे व्याख्यान. पुढच्या वर्षी काय उतरवायचे, हे आपण पुन्हा लेखी ठरवू, आणि पुरावा पुन्हा तूच द्यायचा आहेस.

नोंदीत माझे नाव राहू दे. मंजुनाथला हे सगळे सांग. तो हसला तर त्याला एकच विचार: हत्ती दिल्याबद्दल त्याच्याकडे सही कोणाची आहे? माझ्याकडे माझी आहे. खाली करतो.

रविवारी जेवायला ये. मला काम होते असे मी लिहिले होते. ते काम म्हणजे तुझी वाट न पाहणे, आणि ते मला जमले नाही.

कबुली

'निराधार प्यादे' हा नियम मी लिहिला. तो 'एकाकी प्यादे' या माझ्याच नियमाची पुनरुक्ती होता. त्यातून झालेली खेळी माझी असून मी ती सुप्रीताची ठरवली. चूक एक आहे. ती दोनदा मोजू नये.

विश्वेश्वर
आनेकल